गोफणीचा पल्ला

रत्नागिरीतल्या एका शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. परीक्षेत कुणी शेजाऱ्याच्या पेपरात डोकावलं तर मी त्याला उठवून उभा करतो आणि वर पाच मिनिटं प्रामाणिकपणावर बोलतो. हे बोलताना माझा आवाज चांगला लागतो, असं बाकीचे शिक्षक म्हणतात. गेली चार वर्षं ते भाषण करताना मी मुलांकडे न बघता खिडकीबाहेर बघतो. त्याचं कारण आज लिहितो आहे, आणि लिहिताना स्वतःला कुठेही सवलत द्यायची नाही असं ठरवलं आहे. सवलती घेऊन घेऊनच चार वर्षं काढली.

आम्ही चार चुलत भाऊ. दोघे मुंबईकडचे, एक ठाण्याला आणि एक डोंबिवलीला, दोघेही इंजिनीयर. तिसरा मी. चौथा माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, जयगडच्या वाटेवरच्या आमच्या गावात राहणारा. काका गेल्यापासून तो आणि काकी मिळून भातशेती आणि हापूसची थोडी कलमं सांभाळतात. गणपतीला आणि शिमग्याला सगळे गावी जमलो की आमचा एक ठरलेला कार्यक्रम असे. जेवणं आटोपली की दुपारी पडवीत चार लॅपटॉप वायरीने जोडायचे आणि लढाया करायच्या. खेळ प्राचीन काळच्या युद्धांचा. रोमन, कार्थेजवाले, ग्रीक, मौर्य. ज्याने त्याने आपली फौज निवडायची, मैदानावर मांडायची आणि दुसऱ्याची मोडायची. काकी भांडी उचलता उचलता म्हणायची, "चाळिशी आली तरी ह्यांचं घोडा घोडा संपत नाय." ठाणेकर कायम रोमन, डोंबिवलीकर कार्थेज, आणि मी मौर्य. मला हत्ती आवडतात. खरं सांगायचं तर हत्ती असले की फार डोकं चालवावं लागत नाही, म्हणून आवडतात.

या खेळात प्रत्येक सैनिकाचे आकडे एका साध्या फाइलीत लिहिलेले असतात. धाव किती, चिलखत किती, धीर किती, बाण कुठवर जातो. फाइल उघडायची, आकडा बदलायचा, सेव्ह करायची, झालं. चारही लॅपटॉपवर तीच फाइल असावी लागते, नाहीतर खेळ मधेच बंद पडतो. म्हणून ती एकाकडेच ठेवायची ठरलं आणि मास्तर म्हणून तो मान माझ्याकडे आला. मी आकडेवाला. फौजांचा बॅलन्स राखणं माझं काम. एखाद्याला घोडदळ चांगलं दिलं तर त्याचं पायदळ जरा कच्चं ठेवायचं. हत्ती दिले तर त्यांना बिथरायची खोडही द्यायची. लढाई मांडण्यापूर्वीच कुणी जिंकलेलं असता कामा नये, एवढंच त्यातलं शास्त्र.

पण शास्त्र मांडायला माणसं शांत बसावी लागतात. हरणारा प्रत्येक जण माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा. रोमनांचे घोडे दमतात. कार्थेजचे भाले बोथट आहेत. नाचता येईना अंगण वाकडं! आणि मी एकाला काही वाढवून दिलं की दुसरा म्हणायचा, आपला तो बाब्या. शेवटी आम्ही गावकी सुरू केली. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या अंगणात न्यायची, खांदा कुणाचा, पहिला नारळ कुणाचा, हे ठरवायला गावात जशी बैठक बसते तशी. खेळ सुरू करण्याआधी चौघांनी बसायचं, आकड्यात काही बदल असेल तर तो आकडेवाल्याने सगळ्यांसमोर बोलायचा, कारण सांगायचं, आणि मग फाइल वाटायची. न बोलता एकही आकडा हलवायचा नाही. गावकीचा दुसरा एक नियम न ठरवताच सोबत आला. बैठकीत मानकऱ्याला खोटं पाडायचं नाही. काही विचारायचं असेल तर नंतर त्याच्या पडवीत जाऊन विचारायचं.

पाचवी फौज आम्हीच घडवली. आपल्या किनारपट्टीला पूर्वी अपरान्त म्हणत, असं ठाणेकराने कुठेतरी वाचलं आणि म्हणाला, "आपलीपण एक फौज पाहिजे रे." कोकणी माणसाला स्वतःची थट्टा स्वतःच आधी करून मोकळं व्हायची सवय आहे. आम्ही अपरान्ताला ना घोडा दिला, ना हत्ती, ना चिलखत. कोयते घेतलेली उघडी माणसं, थोडे भाले, आणि सगळ्यात स्वस्तातले गोफणवाले. प्रत्येक फौजेला एक तरी गोष्ट बरी असावी म्हणून मी गोफणीचा पल्ला इतरांच्या धनुष्यापेक्षा थोडा जास्त ठेवला. गावकीत तसं सांगितलं. सगळे हसले. ही फौज घेणार कोण, हा प्रश्नच नव्हता. खेळायला जो सगळ्यात शेवटी आला, त्याला ती मिळाली. म्हणजे धाकट्याला.

त्याच्याबद्दल नीट सांगायला हवं. घरात आणि गावात त्याला सगळे गरीब गाय समजत. दहावी दोन खेपांत झाली. आयटीआयला घातला तर पहिल्याच परीक्षेत अर्ध्या तासात उठून बाहेर आला. म्हणे प्रश्न वाचला की डोक्यात माश्या घोंगावतात. त्यानंतर कुठल्याही परीक्षेचं नाव काढलं की तो गोठ्याकडे चालू लागायचा. आम्ही तिघे शिकलेले भाऊ त्याच्याशी फार प्रेमाने वागायचो. हे प्रेम किती स्वस्तातलं होतं ते पुढे येईलच. खेळ त्याला मीच शिकवला. माऊस कसा धरायचा इथपासून.

तीन वर्षं तो निमूटपणे हरला. चौथ्या वर्षी गणपतीत, गौरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्याने आधी ठाणेकराला हरवलं, मग डोंबिवलीकराला, आणि मग मला.

मला कसं हरवलं ते सांगतो. माझे बारा हत्ती मी नेहमीप्रमाणे रांगेत पुढे सोडले. त्याचे गोफणवाले उतारावर तीन ठिकाणी विखुरलेले होते. मला वाटलं, याला अजून फौज मांडता येत नाही. हत्ती अर्ध्यात आले तेव्हा एकाच बाजूने दगड सुरू झाले, कडेच्या हत्तींवर. ते बिचकून आत सरकले. मग दुसऱ्या बाजूने. सगळे हत्ती मधे गोळा झाले, आणि मग तिसऱ्या टोळीने बरोबर त्यांच्या पुढ्यात दगड टाकले. बाराच्या बारा हत्ती मागे फिरले आणि माझ्याच पायदळावरून गेले. सात मिनिटांत सगळं आटोपलं. त्याची माणसं जागची हललीसुद्धा नव्हती.

"हे कुठे शिकलास?" डोंबिवलीकराने विचारलं.

"शिकायचं काय त्यात?" तो म्हणाला. "भातावरची पाखरं तशीच उडवतात. पाखराला मारायचा नसतो दगड. एका अंगानं मारलास तर ती दुसऱ्या कोपऱ्यात बसतात. त्यांना जायला नको तिकडं दगड टाकायचा, मंग ती आपण म्हणू तिकडं जातात."

ठाणेकर हसून लोळला. मला म्हणाला, "मास्तर, विद्यार्थ्याने तुमच्याच हत्तींखाली तुम्हाला घातलं की!" काकी दारात येऊन उभी राहिली. तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण आपला मुलगा जिंकलाय आणि शहरातले तिघे हरलेत एवढं कळलं. तिने आम्हा सगळ्यांना चहा दिला आणि त्याला दोनदा विचारलं, साखर बरोबर आहे ना. मी हसत होतो. आतून माझा जळफळाट होत होता. डोंबिवलीकर हरला तर हरला, तो आपला इंजिनीयर. पण मी त्याला माऊस धरायला शिकवलं होतं. त्याच्या मागे राहणं हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो माझ्यामागून विहिरीपर्यंत आला. बंदरावर क्रेन चालवायला गावातली माणसं घेणार होते. आधी परीक्षा, मग शिकवणी. परीक्षा कॉम्प्युटरवर, कुठला भार कुठे सरकेल अशी चित्रं बघून उत्तरं द्यायची.

"दादा, माझा फॉर्म भरशील?" तो म्हणाला. "आज वाटलं, आपलं डोकं अगदीच काय वाया गेलेलं नाय."

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा स्वतःहून परीक्षेचं नाव काढलं होतं. मी फॉर्म भरला. फोटो काढला, सही कुठे करायची ते दाखवलं. काकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू हायस म्हणून." परीक्षा शिमग्यानंतरच्या आठवड्यात होती. म्हणजे त्या एका विजयावर त्याचं काय उभं होतं, हे जगात कुणाला माहीत असेल तर मला होतं. ते माहीत असून मी पुढचं केलं.

शिमग्याच्या आठ दिवस आधी, शाळेच्या लॅबमध्ये, मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मी फाइल उघडली. गोफणीचा पल्ला कमी केला. फार नाही, धनुष्याच्या जरा आत येईल इतकाच. प्रत्येकाच्या पिशवीतले दगड थोडे कमी केले. हत्तींचा धीर वाढवला. स्वतःला सांगितलं की बॅलन्स बिघडला होता. एवढ्या स्वस्त माणसांनी एवढे महाग हत्ती पळवणं बरोबर नाही. हे कारण इतकं चांगलं होतं की गावकीत सांगितलं असतं तर तिघांनीही मान्य केलं असतं. पण मला ते सांगायचं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने नव्या पल्ल्यात बसेल अशी दुसरी युक्ती काढली असती, आणि पुन्हा मला हरवलं असतं. मला बॅलन्स नको होता, मला तो हरायला हवा होता. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय म्हणायचं.

शिमग्यात पालखी आमच्या वाडीतून पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. गावकी झाली. ठाणेकराने विचारलं, "आकडेवाले, काही बदल?"

"काही नाही. होतं तसंच आहे," मी म्हणालो, आणि पेन ड्राइव्ह पुढे केला.

धाकटा माझ्याशी पहिला खेळला. गोफणवाले पुन्हा उतारावर तीन जागी. यावेळी पहिले दगड हत्तींपर्यंत न पोचता मोकळ्या जमिनीवर पडले. हत्ती बिचकले नाहीत. त्याने टोळी पुढे आणली, दगड लागले, पण तोवर हत्ती अंगावर आले होते. दुसरा डाव, तेच. तिसऱ्यांदा त्याने खूप वेळ हलवाहलव केलीच नाही, नुसता स्क्रीनकडे बघत बसला. मग माझ्याकडे एकदा बघितलं. मी पाणी प्यायलो. तो डावही मी जिंकला. "तुक्का होता रे तो गणपतीतला," डोंबिवलीकर म्हणाला, सहज, वाईट हेतूने नव्हे. धाकटा हसला आणि म्हणाला, "असंल." मग गुरांना पाणी दाखवायचंय म्हणून उठून गेला.

जिंकल्याचा आनंद मला किती वेळ झाला म्हणाल तर तो पडवीच्या पायऱ्या उतरेपर्यंत.

परीक्षा सोमवारी होती. रविवारी मी फोन करून वेळेची आठवण करून दिली. सोमवारी दुपारी काकीचा फोन आला. तो गेलाच नव्हता. सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बराच वेळ पडवीत बसला आणि मग शर्ट काढून कलमांकडे गेला. मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "नको दादा. ते आपल्यातलं काम नव्हं."

तेव्हा सांगायला हवं होतं. पुढच्या तुकडीची परीक्षा होती, मी चौकशी केली होती. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "बघ बाबा, तुझी मर्जी." हे वाक्य मी आजवर अनेकांना म्हटलं आहे, पण ते इतकं नीच असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे खेळ आपोआप बंद पडला. ठाणेकराला मूल झालं, डोंबिवलीकर परदेशी जाऊन आला. धाकटा पावसाळ्यात भात करायचा, आंब्याच्या दिवसांत दुसऱ्यांचे टेम्पो चालवायचा, मधल्या काळात बागांमधलं गवत कापून द्यायचा. बंदरावर आमच्याच वाडीतले दोघे लागले. त्यातला एक शाळेत माझ्या भावाच्या मागे बसून त्याच्याच पाटीवरची गणितं उतरवायचा. गावी गेलो की तो भेटायचा, मोटरसायकल थांबवून म्हणायचा, "मास्तर, तुमचा भाऊ आला असता तर आमच्या पुढं असता." मी म्हणायचो, हो, त्याने मनावर घेतलं नाही. असं म्हणायचो मी. आता ते लिहितानाही माझी कानशिलं गरम होतात.

यंदा गणपतीच्या आधी ठाणेकराला खेळाची आठवण आली. त्याने आमच्या ग्रुपवर लिहिलं की जुन्या लॅपटॉपमध्ये आकड्यांच्या दोन फाइली सापडल्यात, गणपतीची आणि शिमग्याची, आणि दोन्हींत अपरान्ताचे आकडे वेगळे दिसतायत, तर खरी कुठली? खाली हसरा चेहरा. चोराच्या मनात चांदणं. मला त्या चेहऱ्यात सगळं दिसलं. मी दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि सकाळच्या एसटीने गावी गेलो. मनाला फार उपरती झाली म्हणून नव्हे. ग्रुपवरून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं, एवढाच त्यातला चांगुलपणा.

तो कलमांखाली यंत्राने गवत कापत होता. मला बघून त्याने यंत्र बंद केलं, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. "शाळा नाय आज?" मी उभ्या उभ्याच सांगायला लागलो. लॅब, मधली सुट्टी, पल्ला, दगड, हत्तींचा धीर. गावकीत खोटं बोललो तेही. "तू हरला नव्हतास," मी म्हणालो. "तुझी युक्ती बरोबरच होती. मी आकडे फिरवले होते. तुला वाटलं तुझं डोकं चालत नाही, ते माझ्यामुळे."

त्याने पात्यात अडकलेलं गवत काढलं.

"मला म्हायती हाय," तो म्हणाला.

"कधी कळलं? ग्रुपवर?"

"तवाच. पैल्या डावात. माझा दगड कुठवर जातो ते मला कळणार नाय? तिसऱ्या डावात नुसता मोजत बसलो व्हतो."

चार वर्षं मी समजत होतो की मी त्याला फसवलं. त्याला त्याच्या डोक्याबद्दल मी खोटं पटवून दिलं आणि म्हणून तो गेला नाही. वाईट होतं, पण त्यात निदान तो साधा होता आणि मी हुशार होतो.

"मग बोलला का नाहीस?"

"सगळ्यांसमोर? तू आकडेवाला. बैठकीत तुला खोटा पाडू?"

"नंतर घरी येऊन विचारायचं. आपण दोघंच असताना."

"येणार व्हतो. मंग म्हटलं, तूच येशील." तो यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून उभा होता, रागावलेला दिसत नव्हता. "रविवारी तुझा फोन आला तवा वाटलं, आता सांगशील. तू टायम सांगितलास नि ठेवलास. सोमवारी शर्ट घालून बसलो व्हतो ना, तवासुदीक वाट बघत व्हतो."

"पण परीक्षेला का गेला नाहीस? तुला तर कळलं होतं, तू बरोबर होतास."

"गेलो असतो. पण म्हटलं, फॉर्म दादानं भरला, खेळ दादानं शिकवला. मला सगळ्यांत जास्त तो वळखतो. त्यालाच जर मी पुढं जायला नको असंल, तर त्याला माझ्यात काय तरी दिसलं असंल. जे मला दिसत नाय. तू काय उगाच नाय करणार. म्हणून नाय गेलो."

वर कलमांत कुठेतरी एक कावळा ओरडत होता. मला काहीतरी मोठं, पटणारं कारण सांगता आलं असतं तर मी ते सांगितलं असतं. त्याच्या चार वर्षांच्या मापाचं काहीतरी. माझ्याकडे तसं काहीच नव्हतं.

"मला काही दिसलं नव्हतं," मी म्हणालो. "मी तुझ्याकडून हरलो होतो. मला ते सोसलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. पुढे अजून काही येईल अशी वाट बघितल्यासारखा.

"येवडंच?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.